आमच्याकडचे क्वेकर सैनिक पणजोबा कसे सापडले

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेय एकदाची. अमेरिकेतल्या सिव्हिल वॉरमधल्या (१८६१ ते १८६५ चं, गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेत झालेलं यादवी युद्ध) एका सैनिकाचे कागद शोधायचं काम मी नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ असं जवळजवळ वर्षभर केलं. नोकरी आणि दोन मुलं सांभाळून. सुरुवातीला कुठला धागा धरायचा तेच कळत नव्हतं, माहिती सगळी इंग्रजीत आणि तीही आधीच सगळं माहीत असलेल्यांनी लिहिलेली. माझ्यासारखं इथे लग्न करून आलेलं कोणी असेल, किंवा नुसती हौस असेल, तर त्यांना जरा सोपं जावं म्हणून चुकांसकट लिहितेय. घरच्यांची नावं मुद्दाम देत नाहीये.

आधी माणसं सांगते. मी सांगलीची. नवरा इथलाच, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला चेस्टर काउंटी आहे तिथे वाढलेला. सासूबाई ८३ वर्षांच्या आणि जन्मापासून क्वेकर. लग्नाआधी क्वेकर म्हणजे ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला म्हातारा एवढंच मला माहीत होतं. हा ख्रिश्चनांमधला एक पंथ, हे लोक स्वतःला फ्रेंड्स म्हणवतात. सासूबाईंच्या मीटिंगमध्ये (त्यांची गावातली मंडळी आणि तिची सभा, दोन्हीला मीटिंगच म्हणतात) पाद्री नाही, वेदी नाही, भजन नाही, रविवारी बाकांवर तासभर गप्प बसायचं आणि कोणाला अगदीच आतून काही आलं तर त्याने उभं राहून चार वाक्यं बोलायची. आणि युद्ध नाही. १६६१ मध्ये इंग्लंडच्या राजाला त्यांनी तसं लेखी कळवलेलं आहे की कुठल्याही कारणासाठी आम्ही शस्त्र उचलणार नाही. सासूबाई व्हिएतनामच्या वेळी मोर्चांना जायच्या, अजूनही गावातल्या चौकात फलक घेऊन उभ्या राहतात, गुडघे दुखत असताना.

तर थँक्सगिव्हिंगला जेवणं झाल्यावर त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. आत पत्रं, कापलेल्या केसांची एक बट (हे मला अजून झेपत नाही), आणि पत्र्यावर काढलेला एक फोटो, टिनटाइप म्हणतात त्याला. विशीतला पोरगा, पितळी बटणांचा गणवेश, हातात बंदूक, आणि गालांवर कोणीतरी नंतर चढवलेला गुलाबी रंग. सासूबाई म्हणाल्या, "हे माझे पणजोबा. पण आपल्या घराण्यात कधी कोणी लढलेलं नाही." दोन्ही वाक्यं एका दमात! मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने ताटातल्या गोड 'पाय'कडे (pie) बघितलं.

नंतर भांडी घासताना मी विचारलं की मग बंदूक कशी हातात, तर म्हणाल्या मला लहानपणी सांगितलं होतं की फोटोवाल्याने हौस म्हणून दिली असेल. आणि मग जरा वेळाने, "तुला वेळ असेल तर बघ ना शोधून." झालं. सासूबाई सहसा काही मागत नाहीत, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पहिली चूक लगेचच केली. नवऱ्याचे एक काका म्हणाले, अगं ते ९७व्या पेनसिल्व्हेनिया इन्फन्ट्रीत (पायदळात) होते, मला पक्कं आठवतंय. आता ही ९७वी रेजिमेंट चेस्टर काउंटीतलीच, १८६१ मध्ये वेस्ट चेस्टरला उभी राहिलेली, म्हणजे जुळत तर होतं. नॅशनल पार्क सर्व्हिसची सैनिकांच्या नावांची फुकट यादी आहे ऑनलाइन, त्यात नाव टाकलं, ९७व्या रेजिमेंटमध्ये मिळालं. मला हर्षवायू. ९ जानेवारी २०२३ ला नॅशनल आर्काइव्हजचा (अमेरिकन सरकारचं जुन्या कागदांचं दफ्तर) ८६ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरला, सर्व्हिस रेकॉर्डसाठी, म्हणजे सैन्यातल्या नोकरीच्या नोंदींसाठी, ३० डॉलर भरले आणि वाट बघत बसले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कागद आले. उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, धंदा शेतकरी, सगळं व्यवस्थित. आठवडाभर मी तो डोळ्यांचा रंग नवऱ्याच्या डोळ्यांशी ताडून बघत होते. मग एका रात्री लक्षात आलं की ह्याचं वय १८६१ मध्ये २७ आहे आणि आमचे पणजोबा तेव्हा जेमतेम वीसचे. हा त्यांचा चुलत भाऊ! नाव, आडनाव सगळं तेच.

क्वेकर घराण्यांत हे फार चालतं. आजोबांचं नाव नातवाला, आणि चार मुलगे असतील तर चौघांच्याही थोरल्या मुलाला. गावात एकाच नावाचे तिघं असायचे. म्हणजे आपल्याकडे एका वाड्यात तीन बाळू असतात ना, थोरला बाळू, खालचा बाळू, देवळाजवळचा बाळू, तसंच, फक्त यांनी सरकारी कागदावरही बाळूच लिहिलं. तर ३० डॉलर गेले. चूक माझीच होती, कोणाला बोलणार.

म्हणून पहिली गोष्ट सांगते, फॉर्म भरायच्या आधी घरी बसून जनगणना बघा. १८५० पासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं (गुलाम सोडून) नाव आणि वय आहे, त्याआधी नुसतं कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. जुने कागद शोधायच्या दोन वेबसाइट आहेत. फॅमिलीसर्च फुकट आहे, खातं उघडावं लागतं एवढंच. अँसेस्ट्रीला पैसे पडतात पण पब्लिक लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बऱ्याच ठिकाणी फुकट बघता येतं, मी शनिवारी मुलांना स्टोरी टाइमला सोडून शेजारच्या टेबलावर तेच करायचे. १८५० आणि १८६० वरून आमचे पणजोबा, जन्म १८४१, आईवडील, एक मोठा भाऊ, तीन बहिणी, असं चित्र उभं राहिलं. १८९० ची साधी जनगणना जवळजवळ सगळी गेली, १९२१ च्या आगीत. पण १८९० मध्येच सिव्हिल वॉरच्या सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची वेगळी नोंद केली होती आणि पेनसिल्व्हेनियाची ती पानं शाबूत आहेत. त्यात ते मिळाले, खात्रीने तेच, कारण गाव तेच आणि पोस्ट ऑफिस तेच. १२४वी पेनसिल्व्हेनिया. नोकरी नऊ महिने. शेवटच्या रकान्यात आजार: संधिवात.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मी १२४च म्हणालो होतो." बरं.

१२४वी म्हणजे ऑगस्ट १८६२ मध्ये नऊ महिन्यांच्या बोलीवर घाईघाईने भरती केलेली रेजिमेंट, चेस्टर आणि डेलावेअर या दोन काउंट्यांतली पोरं. हॅरिसबर्गला नाव नोंदवलं आणि महिना-सव्वा महिन्यात, १७ सप्टेंबरला, मेरीलँडमध्ये अँटिटमच्या लढाईत मक्याच्या शेतापाशी उभी. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ज्या पोराने घरात कोणाशी आवाज चढवून बोलायचं नाही हे शिकलंय, ते पोरगं तिथे. मी हे वाचून लॅपटॉप मिटला आणि मुलांच्या खोलीत जाऊन बसले थोडा वेळ.

आता हे युद्धावर का गेले, हा प्रश्न. चेस्टर काउंटीचे क्वेकर गुलामगिरीच्या कट्टर विरोधात होते, पळून आलेल्या गुलामांना केनेट स्क्वेअरच्या आसपासची क्वेकर घरं लपवायची, पुढे पोचवायची. तिथल्याच लाँगवुडच्या प्रोग्रेसिव्ह फ्रेंड्सचं (सुधारक क्वेकरांचा गट) शिष्टमंडळ जून १८६२ मध्ये लिंकनला जाऊन भेटलं होतं, गुलामांना मुक्त करा सांगायला. म्हणजे घरात लहानपणापासून दोन गोष्टी कानावर, गुलामगिरी पाप आहे आणि युद्ध पाप आहे, आणि वयाच्या २१व्या वर्षी दोन्ही एकदम समोर. लिंकननेही सप्टेंबर १८६४ मध्ये एलायझा गर्नी या क्वेकर बाईंना लिहिलेल्या पत्रात साधारण हेच म्हटलंय, की युद्ध आणि जुलूम दोन्ही नको म्हणणाऱ्यांना जुलूम हटवायला युद्धाशिवाय रस्ता उरला नाही. आमचे पणजोबा एकटे नव्हते. मेन राज्यातला जेम्स पार्नेल जोन्स म्हणून एक होता, त्याचे आईवडील एली आणि सिबिल जोन्स म्हणजे क्वेकरांमधली फार मोठी नावं, पुढे १८६९ मध्ये रामल्लाला मुलींची शाळा सुरू झाली ती त्यांच्यामुळे. त्यांचा हा मुलगा ७व्या मेन रेजिमेंटमध्ये गेला, मेजर झाला आणि १२ जुलै १८६४ ला वॉशिंग्टनच्या फोर्ट स्टीव्हन्सपाशी मारला गेला. आईवडिलांनी त्याचं नाव ठेवलं होतं क्वेकरांच्या पहिल्या हुतात्म्यांपैकी एकावरून. त्या आईला काय वाटलं असेल, जाऊ दे.

एप्रिलमध्ये मी मीटिंगच्या वह्यांकडे, म्हणजे त्यांच्या सभांच्या नोंदींकडे, वळले. इथे जरा सावकाश वाचा कारण इथेच लोक अडकतात. १८२७ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांत फूट पडली, हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स. एकाच गावात, एकाच नावाच्या दोन मीटिंगा, दोन्हीच्या वेगळ्या वह्या. आपला माणूस कुठल्या गटातला हे न बघता वह्या उघडल्या तर आठवडे वाया जातात (माझे दोन गेले). कागद मुख्यतः स्वार्थमोर कॉलेजच्या फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररीत आणि हॅवरफर्ड कॉलेजच्या क्वेकर संग्रहात आहेत. बऱ्याचशा वह्या स्कॅन करून अँसेस्ट्रीवर आहेत पण अनुक्रमणिका भरवशाची नाही, नाव शोधून मिळालं नाही म्हणजे वहीत नाही असं समजू नका, पानं उलटा.

तारखा वाचायला पण शिकावं लागतं. जानेवारी, फेब्रुवारी ही नावं परक्या देवांची म्हणून हे लोक वापरत नसत. पहिला महिना, दुसरा महिना, आणि रविवार म्हणजे पहिला दिवस. १७५२ च्या आधीचं काही वाचत असाल तर सावध, तेव्हा पहिला महिना मार्च होता. मला याचं फार काही वाटलं नाही, माझ्या आजीची जन्मतारीख आम्हाला अजून माहीत नाही, फक्त वैशाख वद्य पंचमी.

१९ मे ला, शुक्रवारी, रजा काढून स्वार्थमोरला गेले. फिलाडेल्फियाहून लोकल जाते, स्टेशन कॉलेजच्या पायथ्याशीच आहे, गाडी न्यायची गरज नाही. आधी ईमेल करून काय बघायचंय ते कळवलं होतं म्हणून तिथल्या बाईंनी सगळं काढून ठेवलं होतं. पुरुषांच्या मासिक सभेच्या वह्या वेगळ्या आणि बायकांच्या वेगळ्या, दोन्ही बघा, बायकांच्या वहीत लग्नाच्या चौकशा जास्त मिळतात. बाकी पैसे काही पडले नाहीत, फोटो फोनवर काढू देतात, फ्लॅश बंद.

१८६२ च्या दहाव्या महिन्यात पहिली नोंद, आमच्या काही तरुण सभासदांनी सैन्यात नाव घातल्याचं कळलंय. मग जून १८६३, ते परत आल्यावर, दोन वडीलधारे त्यांना जाऊन भेटायला नेमले. पुढच्या महिन्यात: भेट झाली नाही, काम चालू ठेवावं. पुढच्या: भेट झाली, समाधान नाही, काम चालू ठेवावं. पुढच्या: चालू ठेवावं. आपल्याकडच्या कोर्टाच्या तारखा परवडल्या. आठ महिने हे चाललंय! आणि मध्येच मोठ्या भावाचं नाव. मी म्हटलं हाही गेला की काय. तर नाही. १८६३ मध्ये सक्तीची भरती आली, त्यात ३०० डॉलर भरले की सुटका होती, भावाने ते भरले. मीटिंगचं म्हणणं, ते पैसे युद्धालाच जातात, तेव्हा हेही चुकलंच. म्हणजे एक मुलगा गेला म्हणून दोन माणसं चौकशीला, आणि दुसरा गेला नाही म्हणून आणखी दोन माणसं चौकशीला, आणि एकच घर. त्या आईने चौघांना चहा किती वेळा केला असेल देव जाणे.

मार्च १८६४ मध्ये पणजोबांचा कागद वहीत उतरवून घेतलाय. मला वाटलं माफीनामा असेल. माफी आहे पण नीट वाचली तर मी गेलो ते चुकलं असं कुठेच म्हटलेलं नाही. माझ्यामुळे फ्रेंड्सना दुःख झालं त्याचं मला वाईट वाटतं, आणि मला तुमच्यातच राहायचंय, एवढंच. मीटिंगनेही तेवढ्यावर घेतलं, त्यांना काढलं नाही. त्या काळात हिक्साइटांच्या बऱ्याच मीटिंगांनी असाच मधला रस्ता काढला होता असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

इथे मी एक शब्द चुकीचा वापरत होते तो सांगते. काढून टाकण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचं मी मनात वाळीत टाकणं असं केलं होतं, आणि सासूबाईंना समजावताना आमच्याकडे कसं पाणी तोडायचे, रोटीबेटी बंद करायचे ते सांगितलं. त्या म्हणाल्या छे, तसं नाही. काढलेला माणूसही रविवारी येऊन बाकावर बसू शकायचा, शेजारी बोलायचे, जेवायला बोलवायचे. फक्त कामकाजाच्या सभेत त्याला बसता यायचं नाही. "म्हणजे हा जे करतोय ते आमच्या नावावर नाही, एवढंच सांगायचं असायचं."

आता राहिलं पेन्शन. ज्यांना घराण्याची माहिती हवीय त्यांच्यासाठी खरा खजिना तिथे आहे, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये फार काही नसतं, हजर, गैरहजर, आजारी. पेन्शनच्या इंडेक्सची कार्डं ऑनलाइन दिसतात, त्यावर अर्जाचा नंबर, मंजुरीचा नंबर, रेजिमेंट, आणि खाली विधवेने अर्ज केला असेल तर तिचे नंबर. हे उतरवून घ्या, नंबर असला की काम पटकन होतं. पूर्ण फाइल पोस्टाने मागवली तर ८५ नंबरचा फॉर्म, पहिल्या १०० पानांना तेव्हा (२०२३) ८० डॉलर, पुढे प्रत्येक पानाला ७० सेंट. एकदा ३० डॉलर घालवल्यामुळे मी म्हटलं आपण स्वतःच जाऊ.

१८ ऑगस्टला पहाटेच्या ट्रेनने वॉशिंग्टनला, नॅशनल आर्काइव्हजमध्ये. जाऊन येऊन ७४ डॉलर, दोन तासांचा प्रवास. पर्यटकांची रांग असते त्या दाराने जाऊ नका, संशोधकांचं दार पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूच्या बाजूला आहे. फोटो आयडी दाखवायचा, एक छोटं प्रशिक्षण कॉम्प्युटरवर बघायचं, मग रिसर्चर कार्ड मिळतं, फुकट, वर्षभर चालतं. पेन, पर्स, कोट, स्वतःची वही आत नेता येत नाही. लिहायला पेन्सिल आणि कागद तेच देतात. स्वेटर मात्र घालून जा, आत एसी भयंकर आहे, मी ऑगस्टमध्ये कुडकुडत होते. मागणीच्या चिठ्ठ्या ठराविक वेळांनाच घेतात, त्यामुळे पहिली वेळ चुकली तर सकाळ गेली समजा. मी सर्व्हिस रेकॉर्ड आणि पेन्शन दोन्ही मागितली, दीडएक तासाने आली.

फाइल म्हणजे तीन घड्या घातलेले कागद, शंभर वर्षं त्याच घडीत. उलगडताना हळू, घडीवर तुटतात. ९६ पानं निघाली. १८९० मध्ये कायदा बदलला आणि ९० दिवस नोकरी केलेल्या, आता अंगमेहनत न झेपणाऱ्या कोणालाही पेन्शन मिळायला लागली, आजार लढाईतलाच असायची अट राहिली नाही, फक्त तो स्वतःच्या वाईट सवयींमुळे झालेला नको. महिना ६ ते १२ डॉलर. पणजोबांचा अर्ज फेब्रुवारी १८९१ चा. तीन सरकारी डॉक्टरांनी तपासल्याचा कागद आहे, त्यावर माणसाची आकृती छापलेली, पुढून आणि मागून, आणि उजव्या खांद्यावर आणि दोन्ही गुडघ्यांवर शाईने खुणा. वजन १४१ पौंड. तळहात घट्टे पडलेले. एवढं सगळं शोधल्यावर त्या तळहातांपाशी मला ते पहिल्यांदा खरे वाटले.

मग तो कागद. अर्जावर छापील वाक्य असतं की मी शपथेवर सांगतो की वगैरे. क्वेकर शपथ घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, शपथेवर खरं बोललो म्हणजे एरवी खोटं बोलतो का? म्हणून ते नुसतं "खरं सांगतो" म्हणतात आणि कायद्याने ते चालतं. तर त्या अर्जात शपथेचा छापील शब्द आडव्या रेघेने खोडलेला आणि वर बारीक अक्षरात दुसरा शब्द घातलेला. १८९१ च्या अर्जात, १८९८ च्या, १९०७ च्या, १९११ च्या, प्रत्येक. क्लार्क बदलले, फॉर्म बदलले, रेघ आहेच. शाई सहीची आहे, म्हणजे स्वतः खोडायचे. बंदूक उचललेला माणूस शपथ मात्र घेत नव्हता.

आणि पुढचं पान उलटलं तर शेजाऱ्याची साक्ष, १८९२. मी ह्यांना लहानपणापासून ओळखतो, दारू नाही, तंबाखू नाही, हिवाळ्यात ह्यांना कुदळ धरवत नाही, जनावरांचं सगळं मुलं बघतात. खाली सही. नाव ओळखीचं वाटलं म्हणून फोनमधले मे महिन्यातले फोटो काढून बघितले. १८६३ मध्ये ज्या दोघांना समज द्यायला पाठवलं होतं त्यातला एक. वय ७८. त्यानेही शपथ खोडलीय. मी बाजूच्या टेबलावरच्या अनोळखी गृहस्थांना तो कागद दाखवला, दाखवल्याशिवाय राहवेना, ते बिचारे आपलं काम सोडून ऐकत होते.

१८९८ चा एक प्रश्नपत्रिकेसारखा कागद असतो, तो मिळाला तर फाइल वसूल. सरकारने सगळ्या पेन्शनरांना विचारलं होतं, लग्न कधी, कुठे, कोणी लावलं, मुलं किती, जन्मतारखा काय. पाच मुलं, पाच तारखा, महिने आकड्यांत, तिसरा मुलगा १८७३ चा, तो म्हणजे सासूबाईंचे आजोबा. आणि लग्न कोणी लावलं याच्यापुढे फक्त, फ्रेंड्सच्या पद्धतीने. त्यांच्यात लग्न कोणी लावत नाही, दोघांनी सगळ्यांसमोर उभं राहून एकमेकांना वचन द्यायचं आणि हजर असलेल्या सगळ्यांनी सर्टिफिकेटवर सह्या करायच्या, पोराटोरांनीसुद्धा. आमचंही तसंच झालं, पेनसिल्व्हेनियात अजून तसलं लायसन्स मिळतं, दोन साक्षीदार पुरतात. माझ्या बाबांनी तेव्हा अगदी हाच प्रश्न विचारला होता, "सगळं छान झालं गं, पण लग्न लावलं कोणी?" आजीने त्या कागदावर देवनागरीत सही केलीय, घरातली सगळ्यात सुंदर सही तीच.

१९१३ मध्ये पणजोबा गेल्यावर विधवा पेन्शनसाठी पणजीबाईंना लग्न सिद्ध करावं लागलं आणि पाद्रीच नाही तर दाखला कोणाचा, म्हणून सर्टिफिकेटची अख्खी नक्कल, सगळ्या पाहुण्यांच्या नावांसकट, फाइलमध्ये आहे. ६१ नावं. मूळ कागद घरात कोणाकडेच नाही, त्यामुळे तो फोटो मी चार ठिकाणी सेव्ह केलाय. त्यांना महिना १२ डॉलर मंजूर झाले.

खर्चाचा हिशोब: चुकीचे ३० डॉलर, ट्रेनचे ७४, लोकलचे आणि खाण्याचे धरून साधारण १४० डॉलर, आणि दोन दिवस रजा. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले एवढं कशाला, त्र्यंबकेश्वरला आपल्या गुरुजींकडच्या वहीत अर्ध्या तासात सात पिढ्या मिळतात. खरंय, पण त्या वहीत खोडलेली रेघ नाही मिळत. (आणि बायकांची नावं किती मिळतात तेही जाऊन बघायचंय, डिसेंबरमध्ये तिकीट काढलंय.)

ऑक्टोबरमध्ये सगळं छापून, एका फाइलला लावून सासूबाईंना दिलं. चष्मा लावून दोन दिवस वाचत होत्या. साक्षीचं पान त्यांनी वेगळं काढून ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पण पेन्शन मात्र घेतली हं. बावीस वर्षं." मी म्हटलं हो, घेतली, सुरुवातीला महिना सहा डॉलर.

त्या रविवारी मीटिंग संपल्यावर आम्ही दोघी मागच्या दफनभूमीत गेलो. क्वेकरांचे दगड बुटके, गुडघ्याच्याही खाली, नाव आणि दोन सालं. सैनिकांना सरकार दगड फुकट देतं, तो यांनी घेतलेला नाही. सासूबाईंनी काठीने दगडावरची पानं बाजूला सारली, आणि मग शेजारच्या दगडावरचीही सारली. मी वाकून नाव वाचलं. तो साक्षवाला.